विमानतळावरची परात

सानगडी, रविवार, ता. १८ जानेवारी २०२६.

आज थंडी बरीच होती. सकाळी लाखोळीच्या बांधीवर चक्कर मारली, शेतातलं पीक ठीक आहे. दुपारी वरण-भात केला, भात बुडाला लागला. कपडे धुतले. कोणी आलं नाही. तृप्तीचा फोन नाही. संध्याकाळी पत्र लिहायला घेतलं, ते असं:

तीर्थस्वरूप सत्यभामाबाई यांना टेकचंदचा नमस्कार, आणि केशवरावांनाही तेवढाच. पत्राचं कारण वाईट नाही, हे आधीच लिहितो, कारण हल्ली आपल्याकडे पत्र आलं म्हटलं की माणसं पाकीट फोडायच्या आत रडायला लागतात. मी बरा आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. तुमचे गुडघे कसे आहेत? केशवरावांचा खोकला? तुमच्या कानाचं यंत्र तुम्ही पेटीत ठेवता आणि फक्त लग्नाला लावता असं राखी म्हणत होती. (राखी, माझं नाव सांगू नका असं तू म्हणाली होतीस. लिहून झालं, आता खोडलं तर जास्त दिसेल.) लग्नात यंत्र लावून उपयोग नाही बाई, तिथे बँड असतो. ते घरी लावावं. गेल्या वेळी फोनवर मी तुमची तब्येत विचारली तर तुम्ही ‘दोन पायल्या पाठवून देतो’ म्हणालात, आणि खरंच दोन पायल्या तूर आली. तूर चांगली निघाली. पण सगळं काही तुरीवर भागत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुमच्या सुनेने, राखीनेच, ते वाचून दाखवावं.

आता बातमी. राखी, पुढचं वाक्य आधी मनात वाच, मग बाहेरचं दार लाव, खिडकी लाव, आणि मग बाईंच्या कानाशी तोंड नेऊन वाच. तृप्तीला दिवस आहेत. पाचवा महिना चालू आहे. (दार लावायचं राहिलं असेल तर आता लावून उपयोग नाही. गावाला कळलं.) तिने मला दिवाळीत सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, लाडू देताना ‘बाबा, मले तेलाचा वास सहन नाही होऊन राहिला’ एवढंच म्हणाली आणि बघत राहिली. मी तेल बदलून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुमची धाकटी बहीण, चंद्रभागा, असती तर तृप्तीला तेलापर्यंत जावंच लागलं नसतं, आणि तुम्हाला संध्याकाळच्या आत निरोप पोचला असता. मला असल्या गोष्टी कोणाला कशा सांगतात ते माहीत नाही. शिवाय आपल्याकडे हे बाहेर बोलत नाहीत. पुढे जे झालं ते या न बोलण्यामुळेच झालं.

तृप्ती गेल्या चैत्रापासून, म्हणजे तिची आई गेल्यापासून, दर पंधरा दिवसांनी बंगलोरहून विमानाने नागपूरला आणि तिथून बसने इथे येते. शुक्रवारी रात्री यायचं, शनिवारी माझी भांडी पाहून नाराज व्हायचं, डबे भरायचे, रक्तदाब मोजायचा, रविवारी परत. मधेमधे कंपनीच्या कामालाही एखादा प्रवास असतो, पण तो क्वचित. विमानवाल्यांनी तिला सोनेरी रंगाचं कार्ड दिलं आहे, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून. आपल्या घराण्यात असं कार्ड याआधी फक्त दूध डेअरीचं होतं.

दिवाळीनंतर आमचे शेजारी ताराचंद (किराणावाले, ज्यांचं दुकान मुलगा चालवतो आणि हे मोबाईल चालवतात) यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. विमानतळावर माणसाला यंत्रातून काढतात, त्यातून किरण निघतात, नेहमी प्रवास करणाऱ्यांच्या अंगात ते साठत जातात, आणि दिवस असलेल्या बाईने तर तिथे फिरकूच नये, असं त्यात एक दाढीवाला गृहस्थ सांगत होता. ताराचंद म्हणाले, “तुमची पोरगी तं महिन्यातून चारदा त्यातून जाते, टेकचंदजी. बापा बापा!” आणि लगेच पुढचा व्हिडिओ लावला, त्यात माकड सायकल चालवत होतं. त्यांना दोन्ही सारखेच आवडले.

मला मात्र ते माकड दिसलंच नाही. तुम्हाला माहीत आहे, नागपूरच्या दवाखान्यात चंद्रभागेला लाईट देत होते. (किरणांच्या उपचाराला तिथे सगळे लाईटच म्हणतात.) तिला आत नेत, जाड दार लागे, दारावरचा लाल दिवा पेटे, आणि मी बाहेरच्या बाकावर बसे. दार इतकं जाड कशाला, असं मी एकदा विचारलं. बाहेरच्यांना किरण लागू नयेत म्हणून, असं उत्तर मिळालं. बाहेरच्यांना! आत तर तीच होती. तेव्हापासून किरण हा शब्द ऐकला की मी बसलेला असेन तर उभा राहतो. ताराचंदच्या ओट्यावरही उभा राहिलो. त्यांना वाटलं मी निघालो. मी निघालोच. रस्त्यात ठरवलं, की या घरातल्या आणखी कोणाला मी त्या किरणांत जाऊ देणार नाही. यात चर्चेला जागा नव्हती.

मी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लिपिक म्हणून नोकरी काढली, हे तुम्ही जाणताच. आगपेटी आत जाऊ नये म्हणून रोज फाटकावर हात वर करून झडती दिली. घरातही गॅसच्या वर, मोटारीच्या बटणाजवळ, विहिरीच्या काठावर माझ्या हातच्या सूचना चिकटवलेल्या आहेत. चंद्रभागा त्यांच्यावर हळदीचे हात पुसायची. त्यामुळे आधी शास्त्र समजून घ्यावं म्हणून मी साकोलीला मंगेशकडे गेलो. मंगेश हा माझ्या एका सोबत्याचा मुलगा, तिथल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्याला तृप्तीचं सांगणं शक्य नव्हतं. म्हणून मी म्हणालो, समज एखाद्या माणसाला किरणांपासून वाचायचं आहे, तर काय करावं? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुम्हाले कोणी एक्स-रे काढाले सांगतला का? भेता कायले?” मी त्याला तसंच समजू दिलं. मग त्याने तीन गोष्टी सांगितल्या: किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबावं, होईल तितकं लांब राहावं, आणि मधे जाड धातू असावा. शिसं सगळ्यात चांगलं. विमानतळाचा विषय निघालाच नाही, कारण मी काढला नाही. पण तीन मुद्द्यांचा नियम मिळाल्यावर मला फार बरं वाटलं. कारखान्यातही सगळे नियम तीनच मुद्द्यांचे असत, चौथा कोणी वाचत नसे.

शिसं कुठे मिळतं हे मला कळेना. पण आपण भंडाऱ्याची माणसं. धातू म्हटला की आपल्याला पितळ आठवतं, आणि पितळ घरात आहे. चंद्रभागेची पुरणाची परात तुम्ही पाहिली आहे, लग्नात तुमच्याच वडिलांनी भंडाऱ्याच्या कासाराकडून बसून ठोकून घेतलेली, जाड, काठाची. माळ्यावरून काढली, चिंचेने घासली, स्वतःच्या पोटाला लावून पाहिली. बरोबर झाकते. (माझं पोट आणि पाचवा महिना यांत विशेष फरक नाही.)

संक्रांतीला तृप्ती आली तेव्हा तिला मी सांगितलं, की परत जाताना यंत्राशी ही परात ओढणीने पोटाला बांधायची, वर सैल स्वेटर घालायचं. तिने परात उचलून पाहिली. म्हणाली, “बाबा, तसं काही नसते हो तिथं.” मी म्हणालो, तू वाद घालू नको, मी स्वतः यंत्रापर्यंत सोबत येतो. आता विमानतळात तिकिटाशिवाय शिरू देत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून पुढे म्हणालो, की माझंही तिकीट काढ, मी आठ दिवसांसाठी बंगलोरला येतो.

बाई, ती चैत्रापासून मला तिकडे चला म्हणत होती आणि मी नाही म्हणत होतो. हे ऐकल्यावर ती उठली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी तर घासून झालेली होती. बाहेर आली ती म्हणाली, “तुम्ही येऊन राहिले ना? मग परात काय, म्हणाल तर जातं बांधतो पोटाले.” लगेच जावयांना फोन केला. अमरराव म्हणाले, खोली तयारच आहे, बाबांना कडक गादी लागते का ते फक्त विचार.

गादीचा प्रश्नच येणार नव्हता. कारण माझा विचार वेगळा होता. तिला यंत्रातून सुखरूप पार करायचं आणि तिथूनच परत फिरायचं. विमानात बसलंच पाहिजे असं तिकिटावर कुठे लिहिलेलं नाही. पण बॅग रिकामी दिसली तर तिला संशय येईल, म्हणून मी मोठी बॅग काढून तिच्यात उशी भरली. बॅग छान फुगली.

शुक्रवारी नागपूरला पोचलो. विमानतळावरच्या स्वच्छतागृहात तिने परात बांधली आणि बाहेर आली. चालताना बांगडी लागली की बारीक आवाज यायचा, बाकी काही कळत नव्हतं. झडतीच्या रांगेपर्यंत मी तीनही मुद्दे पुन्हा सांगितले. पहिला, वेळ. दारातून भरभर जायचं. ती गेली, पण तिथे भरभर जाणारा माणूस त्यांना आवडत नाही. दोघे जण एकदम ‘रुकिए, रुकिए’ म्हणत पुढे झाले, आणि परातीमुळे त्या दारानेही असा काही आवाज केला की मागच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. दुसरा, अंतर. सामानाच्या यंत्रापासून ती लांब राहावी म्हणून मी मधे उभा राहिलो. पण समोर गणवेश दिसला आणि माझे हात आपोआप वर गेले. इतक्या वर्षांची सवय. ते साहेब म्हणाले, “बाबा, अभी आपका नंबर नहीं है, हाथ नीचे.” मी खाली केले. दुसऱ्याने पाहिलं, पुन्हा वर गेले.

तिसरा मुद्दा धातू. बायकांच्या झडतीला पडद्याचा आडोसा असतो. तृप्तीला आत नेलं. हातातलं यंत्र किंचाळल्याचं ऐकू आलं, आणि मग कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवल्यासारखा ठण्ण असा आवाज. आतून बाई शिपायाचा आवाज, “ये क्या है मॅडम?” तृप्ती म्हणाली, “परात.” “किसलिए?” तृप्ती म्हणाली, “मेरे बाबा बाहर खड़े हैं, उनसे पूछो.” पडदा सरकला. ती शिपाई आपल्याकडचीच निघाली, गोंदियाची. माझ्याकडे पाहून म्हणाली, “काहो बाबा, विमानात पुरणपोळ्या लाटता का?” मी तिला शांतपणे कारण सांगितलं. मुलीला दिवस आहेत, किरण लागू नयेत, म्हणून. (जी गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती ती नागपूरच्या विमानतळावर मोठ्याने सांगितली. माफ करा.) ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, “बाबा, ह्या दारात किरण नसतेत. हे फक्त लोखंड-पितळ हुंगते. माणसाले किरण लावतच नाही इथं. किरण फक्त त्या सामानाच्या डब्यात. त्यात ताईले कोण घालून राहिला?”

मग त्यांनी परात सोडवून ट्रेमध्ये ठेवली. ट्रेमध्ये ती मावेना, तेव्हा तशीच पट्ट्यावर उभी करून यंत्रात घातली. पडद्यावर भलामोठा काळपट गोळा उमटला, त्याच्या मागचं काही दिसेना, पट्टा थांबला. मी तिथल्या साहेबांना म्हणालो, पाहा, पितळातून किरण जात नाहीत. माझं म्हणणं खरं निघाल्याचा मला खरोखर आनंद झाला. तो आनंद पुढची बॅग येईपर्यंत टिकला.

पुढची बॅग माझी होती. पडद्यावर बॅगेची चेन दिसली, कड्या दिसल्या, आणि मधे काहीच नाही. फक्त धुकं. साहेब म्हणाले, “ये किसका है? इसमें खाली तकिया है क्या?” तृप्ती तेव्हा परात उचलायला तिथेच आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाबा, आठ दिवसाले येऊन राहिले म्हणाले ना तुम्ही? अन् कपडे कुठी आहेत?”

मी म्हणालो, बांधीला पाणी द्यायचं आहे, ताराचंदला एकट्याला जमणार नाही, शिवाय तुझ्या आईचा फोटो, दिवाबत्ती. तिने पट्ट्यावरची परात उचलली. मग म्हणाली, “मले किरण लागू नये म्हणता. पण मी काहून येऊन राहिली दर पंधरा दिवसाले? मले हौस आहे का विमानाची?” आणि परात काखेत घेऊन चालायला लागली. मी तिच्यामागे विमानाच्या दारापर्यंत गेलो. तिने वळून पाहिलं नाही. परातीत मी दिसत होतो, उलटा.

विमानतळात शिरणं सोपं असतं, विमानात न बसता बाहेर येणं अवघड. विमान कंपनीचा एक तरुण माझ्यासोबत दिला, त्याने चार ठिकाणी माझं कारण सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी बॅग उघडून उशी दाबून पाहिली. एकाने विचारलं, तब्येत ठीक आहे ना? मी हो म्हणालो. रात्री तृप्तीचा निरोप आला: ‘पोचले. परात पोचली. पुढच्या वेळी येत नाही.’

म्हणजे मला हवं होतं ते झालं. तिचा प्रवास थांबला. शनिवारी मी उठलो, आणि हे जर मला हवं होतं तर मी असा का बसलो आहे हे कळेना. तेव्हा मंगेशकडे जाऊन त्याला पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. तो आधी भिंतीला टेकून हसला, मग तोंड धुऊन आला. म्हणाला, “काका, यंत्राचं सोडा. किरण लागते ते वर आभाळात. विमान जितलं उंच तितले जास्त. एका चकरेले काही होत नाही, घाबराचं काम नाही. पण कोणी उगाच चकरा मारत असन, तं तेवढ्या कमी कराव्या. डॉक्टरले विचारा, तेही हेच सांगतील.” मी तृप्तीच्या चकरा आठवल्या. कंपनीच्या थोड्या. बाकीच्या सगळ्या सानगडीच्या.

कारखान्यात आम्ही एक फलक लावला होता, की धोका दिसला तर तो जिथून निघतो तिथे जाऊन बंद करा. मी दाढीवाल्या गृहस्थाचं ऐकून विमानतळावर गेलो, परात बांधली, लोकांना हात वर करून दाखवले, आणि किरण निघत होते मारुतीच्या देवळामागच्या माझ्या घरातून. मी इथून हलत नाही म्हणून ती उडत होती.

तेव्हा ठरवलं आहे. येत्या गुरुवारी मी रेल्वेने बंगलोरला जातो. आज तिकीट काढलं. बॅगेत कपडे भरले, या वेळी खरे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माहेर म्हणजे आता मीच उरलो आहे, तर माहेराने उठून जावं हे बरं. बाळंतपण होईपर्यंत राहणार. चंद्रभागेचं वर्षश्राद्ध मधे येईल, तेव्हा रेल्वेनेच येऊन करून जाईन. बांधी ताराचंदला दिली, त्यांनी तेवढा वेळ मोबाईल न पाहिल्याने त्यांची तब्येतही सुधारेल. तृप्तीला अजून कळवलेलं नाही. या वेळी पोचल्यावरच सांगेन, म्हणजे माझ्या शब्दावर कोणाला विश्वास ठेवावा लागणार नाही.

तुमचा,
टेकचंद

ता.क. – चोरचोळी करायची राहिली आहे. पाचव्यात करतात ना? ते आईचं काम. तुम्ही तिच्या मोठ्याई, तेव्हा हिरवं कापड तुम्ही निवडून द्यावं, मी गुरुवारी सोबत नेतो. बुधवारी मी स्वतः तुमच्याकडे येऊन घेऊन जाईन. आणि बाळंतपणाला तुम्हीही तिकडे यावं. कानाचं यंत्र घेऊन.

ता.क. दुसरा – आजचं तिकीट हे माझं रेल्वेचं तिसरं तिकीट आहे. याआधी दोनदा, पावसाळ्यात आणि दसऱ्याला, काढून रद्द केलं होतं. तृप्तीला माहीत नाही. बांधी, दिवाबत्ती हे सगळं मी सांगतो, पण ते कारण नाही.

ता.क. तिसरा – (राखी, हे बाईंना हळू वाचून दाखव, नाही ऐकू आलं तर पुन्हा वाच, पण हळूच.) बाई, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तुमचं गाव गेलं, तेव्हा तुम्ही भरलं घर सोडून पुनर्वसनाच्या नव्या घरात गेलात. तेव्हा आम्ही सगळे तुमच्याकडे आलो होतो, जेवलो, आणि संध्याकाळी परत निघून गेलो. मी तेव्हा विचारलं नाही. ज्या खोलीत आपलं माणूस कधी वावरलंच नाही, तिथे पहिल्या रात्री झोप कशी लागली तुम्हाला? की लागलीच नाही, आणि दुसऱ्या रात्री लागली? कशी का असेना, बुधवारी आलो की सांगा. मी गुरुवारी जाणार हे नक्की आहे. फक्त माहीत असलेलं बरं.

दव पडायला लागलं आहे. दोरीवरचे कपडे आत घेतो.